कशाभिका फिरते, पिलस ओढतो

पुस्तकातल्या चित्रात जिवाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस काढलेले असतात, आणि परीक्षा संपली की कशाभिका कुठली नि पिलस कुठला हे डोक्यातून जातं. फुप्फुसात ठाण मांडणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूकडे दोन्ही असतात.

कशाभिका एकच, एका टोकाला. ‘कशा’ म्हणजे चाबूक, पण नाव फसवं आहे. जिवाणूची कशाभिका फटकारत नाही, मळसूत्रासारखी गरगर फिरते. तिच्या मुळाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी मोटरच असते. फटकारे मारतात ते आपल्या श्वासनलिकेतले रोमक, म्हणजे पेशींवरचे बारीक केस. सेकंदाला १०-१५ वेळा हलून ते कफ घशाकडे लोटतात. त्या कफात नुसतं पडून राहणारा जिवाणू शेवटी गिळला जातो. पोहता आलं तर पेशींपर्यंत पोचायची संधी असते.

पिलस (इथे चौथ्या प्रकारचा) फिरत नाही. तो लांब होतो, टोकाने चिकटतो आणि आखडतो. दोराला घोरपड बांधून गड चढल्याची गोष्ट आठवा. फक्त इथे दोरावर कोणी चढत नाही. दोरच मुळाशी सुटा होत पेशीच्या आवरणात परत जातो आणि जिवाणू पुढे खेचला जातो. पोहताना वेग सेकंदाला दहांच्या पटीत मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ओढत जाताना जेमतेम एक मायक्रॉन, बहुधा त्याहून कमीच. शिवाय चिकटायला पृष्ठभाग नसेल तर पिलसने पुढे सरकता येत नाही.

प्रयोगशाळेत फरक डोळ्यांनी दिसतो. पोहणं बघायचं तर आगर (जिवाणू वाढवायची जेली) ०.३ टक्के, जवळजवळ पातळच. ओढणं बघायचं तर १ टक्का आगरात टूथपिक थेट तळापर्यंत खुपसायची. दुसऱ्या दिवशी आगर सोलून काढा आणि बशीच्या तळाला क्रिस्टल व्हायोलेट (जिवाणूंना रंगवणारा जांभळा रंग) लावा: प्लास्टिकवर जांभळी चकती उमटते. पिलस बिघडलेला असेल, तर टोचलं तिथे फक्त ठिपका.

कशाभिकेची किंमतही मोजावी लागते. तिचं प्रथिन, फ्लॅजेलिन, आपल्या पेशी टीएलआर-५ या ग्राहीने लगेच ओळखतात आणि धोक्याची घंटा वाजते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत वर्षानुवर्षं राहिलेले स्यूडोमोनास म्हणूनच अनेकदा कशाभिका टाकून देतात आणि अल्जिनेट या शर्करेच्या साखळीचा बुळबुळीत थर पांघरून बसतात. आत शिरताना लागलेली वस्तू घर मिळाल्यावर अडगळ ठरते.

न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस या जिवाणूला तर कशाभिका मुळातच नाही. आणि मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये या आणखी एका जिवाणूकडे ना कशाभिका, ना पिलस, तरी तो पेशीवरून घसरत चालतो.