नावाविना लिहिलेली वर्षे: डाल्टन ट्रम्बो आणि हॉलिवूडची काळी यादी

डाल्टन ट्रम्बो या अमेरिकन पटकथाकार-कादंबरीकाराच्या लेखनाला दोन ऑस्कर मिळाली आणि दोन्ही वेळा व्यासपीठावरून नाव पुकारले गेले ते दुसऱ्याचेच. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचे पारितोषिक 1954 मध्ये इयान मॅक्लेलन हंटर यांच्या नावे जाहीर झाले, तर ‘द ब्रेव्ह वन’चे 1957 मध्ये रॉबर्ट रिच यांच्या नावे. दुसरी बाहुली ट्रम्बो यांच्या हाती पडायला 18 वर्षे लागली. पहिली त्यांच्या पत्नी क्लिओ यांनी 1993 मध्ये स्वीकारली, तेव्हा ट्रम्बो यांना जाऊन 17 वर्षे झाली होती. एखाद्या देशाचा चित्रपट-उद्योग आपल्याच उत्तम लेखकांची नावे पडद्यावरून पुसतो आणि त्यांचे लेखन मात्र विकत घेत राहतो, हे कसे घडले, ते या लेखकाच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कुणाच्या आयुष्यातून दिसेल.

ट्रम्बो यांचा जन्म 9 डिसेंबर 1905 रोजी कोलोरॅडो राज्यातील मॉन्ट्रोझ येथे झाला आणि बालपण त्याच राज्यातील ग्रँड जंक्शन या छोट्या गावात गेले. शाळेत असतानाच ते गावच्या दैनिकासाठी बातम्या लिहू लागले. बोल्डरच्या विद्यापीठात जेमतेम एक वर्ष काढले, तोवर कुटुंब लॉस एंजेलिसला गेले होते आणि 1926 मध्ये वडील वारले. आई आणि बहिणींचा भार अंगावर आल्याने त्यांनी एका मोठ्या बेकरीत रात्रपाळीचे काम धरले आणि ते थोडेथोडके नव्हे, आठेक वर्षे केले. या काळात लिहिलेल्या कथा आणि कादंबऱ्या प्रकाशकांकडून साभार परत येत राहिल्या. पुढे ज्या वेगाने लिहिण्यासाठी ते प्रसिद्ध झाले, त्या वेगाची तालीम या बेकरीतल्या वर्षांत झाली असे मला वाटते.

पहिली कादंबरी ‘इक्लिप्स’ 1935 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले ‘शेल सिटी’ हे गाव म्हणजे ग्रँड जंक्शनच आहे हे गावकऱ्यांनी ओळखले आणि त्यांना ते मुळीच रुचले नाही. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सने त्यांना आधी कथा वाचून मत देण्याच्या आणि मग पटकथालेखनाच्या कामावर घेतले. सुरुवातीचे त्यांचे चित्रपट कमी खर्चाचे आणि घाईने उरकलेले होते. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही.

‘जॉनी गॉट हिज गन’ ही कादंबरी मात्र थांबून पाहावी अशी आहे. पहिल्या महायुद्धात सर्व अवयव गमावलेल्या एका सैनिकाची भेट प्रिन्स ऑफ वेल्सनी कॅनडातील रुग्णालयात घेतल्याची हकीकत ट्रम्बो यांच्या वाचनात आली होती आणि तिच्यातून ही कादंबरी उभी राहिली. तिचा नायक जो बोनहॅम याला हात-पाय नाहीत, डोळे, कान आणि तोंडही उरलेले नाही. शाबूत आहे ती फक्त जाणीव. अंथरुणात पडल्या पडल्या तो शेल सिटीतले बालपण, वडिलांबरोबरची मासेमारी, बेकरीतल्या रात्री आठवत राहतो आणि अखेरीस उशीवर डोके आपटून मोर्स लिपीत बोलू लागतो. लेखकाने स्वतःचेच आयुष्य त्या देहाला दिले आहे, म्हणूनच हे पुस्तक युद्धविरोधी पत्रक होऊन राहत नाही. ते प्रसिद्ध झाले 3 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा. अमेरिकन पुस्तकविक्रेत्यांनी त्या वर्षातील सर्वांत मौलिक पुस्तक म्हणून त्याचा गौरव केला.

या पुस्तकाच्या वाटचालीत ट्रम्बो यांना अडचणीत आणणारे एक प्रकरण आहे आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनीही ते झाकू नये. 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, अमेरिका युद्धात उतरली आणि हे युद्ध लढलेच पाहिजे असे ट्रम्बो यांचे मत झाले. युद्ध संपेपर्यंत कादंबरीची नवी आवृत्ती काढू नये हे त्यांना मान्य होते. त्या काळात प्रत मिळत नाही म्हणून त्यांना पत्रे येऊ लागली. त्यांतले बरेच पत्रलेखक युद्ध लगेच थांबवा म्हणणारे आणि नाझींबद्दल सहानुभूती असणारे होते. ही पत्रे ट्रम्बो यांनी स्वतःहून एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे सोपवली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना पत्रलेखकांपेक्षा ट्रम्बो यांच्यातच अधिक रस आहे हे त्यांना नंतर उमगले आणि या कृतीचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. राजकीय मतांच्या चौकशीत उत्तर द्यायला नकार दिल्याबद्दल ज्यांनी पुढे तुरुंगवास भोगला, त्यांच्याच हातून आधी हे घडले होते.

1940 च्या ‘किटी फॉइल’ने त्यांना ऑस्करचे नामांकन मिळवून दिले आणि ‘थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो’ या 1944 च्या युद्धपटाने त्यांचे स्थान पक्के केले. एमजीएम स्टुडिओत ते सर्वाधिक मानधन घेणाऱ्या पटकथाकारांपैकी एक होते. 1943 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. तेव्हा सोव्हिएत संघ अमेरिकेचा मित्र होता आणि पक्ष बेकायदा नव्हता. पटकथाकारांच्या संघटनेतही ते पुढे होते आणि 1945 मध्ये तिच्या मासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. ही संघटना स्टुडिओ-मालकांच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होती, हे पुढच्या घटना समजून घेताना ध्यानात ठेवायला हवे.

ऑक्टोबर 1947 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीने हॉलिवूडमधील कम्युनिस्ट प्रभावाची जाहीर चौकशी सुरू केली. समितीला असहकार करणाऱ्यांपैकी अकरा जण साक्षीला उभे राहिले. त्यांतले जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त उत्तर देऊन दुसऱ्याच दिवशी युरोपला निघून गेले आणि उरलेले ‘हॉलिवूड टेन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ट्रम्बो यांची साक्ष 28 ऑक्टोबरला झाली. ज्या लेखनावर आक्षेप आहे ते लेखन तरी समितीने पाहावे म्हणून ते आपल्या पटकथांचा गठ्ठा घेऊन गेले होते. पाने फार होतात असे सांगून अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस यांनी तो दाखल करून घेतला नाही. तुम्ही पटकथाकार संघटनेचे सभासद आहात का आणि कम्युनिस्ट पक्षाचे आहात किंवा होता का, या दोन प्रश्नांना थेट उत्तर न देता ट्रम्बो वाद घालत राहिले आणि शेवटी त्यांना साक्षीच्या जागेवरून उठवण्यात आले.

या दहा जणांनी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला नाही, यात त्यांच्या भूमिकेचे मर्म आहे. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा तो हक्क त्यांना शिक्षेपासून वाचवू शकला असता. पण तो मागणे म्हणजे पक्षाचे सभासदत्व हा गुन्हा आहे असे सुचवणे झाले असते. म्हणून त्यांनी अभिव्यक्तीचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीवर भिस्त ठेवली आणि नागरिकाला असा प्रश्न विचारण्याचा सरकारला मुळात अधिकारच नाही असा पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालय आपल्या बाजूने उभे राहील ही आशा त्यामागे होती. परंतु 1949 च्या उन्हाळ्यात मर्फी आणि रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायमूर्ती निवर्तले आणि एप्रिल 1950 मध्ये न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाबद्दल एक वर्ष कैद आणि एक हजार डॉलर दंड ही शिक्षा कायम झाली. ट्रम्बो यांनी केंटकीतील ॲशलंडच्या तुरुंगात सुमारे दहा महिने काढले. याच सुमारास समितीचे अध्यक्ष थॉमस हेही सरकारी पगारपत्रकात खोटी नावे घालून पैसे लाटल्याबद्दल डॅनबरीच्या तुरुंगात होते आणि तेथे दहांपैकी दोघे त्यांचे सहकैदी होते.

काळी यादी, म्हणजे ज्यांना काम द्यायचे नाही अशांची यादी, मात्र सरकारने केली नाही, ती उद्योगाने केली. प्रतिनिधिगृहाने 24 नोव्हेंबर 1947 रोजी दहा जणांवर अवमानाचा ठपका 346 विरुद्ध 17 मतांनी ठेवला, त्याच वेळी स्टुडिओंचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमले होते. या दहा जणांना काढून टाकू आणि यापुढे कम्युनिस्टाला ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवणार नाही, असे निवेदन त्यांनी काढले. त्या ‘जाणूनबुजून’ शब्दाकडे अभ्यासकांनी दिले त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे असे मला वाटते. ठाऊक नसल्याचा बहाणा करता येत असेल तर यादीतल्या माणसाचे लेखन विकत घेण्याची वाट त्या शब्दातच मोकळी राहिली होती. पुढे 1952 मध्ये पटकथाकारांच्या संघटनेनेच एक कलम मान्य केले आणि समितीपुढे स्वतःला निर्दोष न ठरवणाऱ्या लेखकाचे नाव श्रेयनामावलीतून वगळण्याची मुभा स्टुडिओंना मिळाली. लेखकांचे हक्क राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेने नाव हाच हक्क सोडून द्यावा, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात ज्याला बेनामी म्हणतात, तसाच व्यवहार आता पटकथांचा सुरू झाला. यादीबाहेरचा एखादा लेखक आपले नाव देई, कधी नुसतेच काल्पनिक नाव लावले जाई, आणि निर्मात्याला पूर्वीच्या मोलाच्या अल्पशा हिश्श्यात अव्वल दर्जाचे लेखन मिळे. ट्रम्बो यांचा ‘गन क्रेझी’ हा चित्रपट 1950 मध्ये मिलर्ड कॉफमन यांच्या नावावर आला. ‘रोमन हॉलिडे’ची कथा मित्र हंटर यांच्या नावे विकली गेली. त्यांनी मानधन ट्रम्बो यांच्याकडे पोचवले आणि पुढे ते स्वतःही काळ्या यादीत गेले. तुरुंगातून सुटल्यावर ट्रम्बो यांनी डोंगरातली आपली शेतवाडी विकली आणि 1951 च्या अखेरीस पटकथाकार ह्यूगो बटलर यांच्या कुटुंबासह मेक्सिकोची वाट धरली. तेथे कामे मिळेनात, पैसे संपले आणि 1954 मध्ये ते लॉस एंजेलिसला परतले. त्यानंतर त्यांनी बेनामी लेखनाचा जणू कारखानाच चालवला. रात्ररात्र ते न्हाणीघरातल्या टबात बसून, समोर आडवी फळी टाकून, सिगारेटमागून सिगारेट ओढत लिहीत, आणि स्वतःला न झेपणारी कामे यादीतल्या इतर लेखकांकडे वळवीत.

‘द ब्रेव्ह वन’ ही एका मेक्सिकन मुलाची आणि त्याच्या लाडक्या बैलाची गोष्ट ट्रम्बो यांनी किंग बंधूंसाठी लिहिली आणि तिला त्या निर्मात्यांच्या एका भाच्याचे नाव लागले. समितीपुढे साक्ष नाकारणारा ऑस्करला पात्र नाही असा नियम ही पारितोषिके देणाऱ्या अकादमीने फेब्रुवारी 1957 मध्ये केला होता. मार्चमध्ये रॉबर्ट रिच यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांची पत्नी बाळंत होत असल्याचे सांगून पटकथाकार संघटनेचे उपाध्यक्ष जेसी लास्की ज्युनियर यांनी बाहुली स्वीकारली. असा कुणी सभासदच नाही हे लगेच उघड झाले. ट्रम्बो यांची खरी चतुराई यापुढे दिसते. वार्ताहरांनी विचारले की ते होही म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आपण आणि आपले मित्र बरेच काही लिहीत आहोत एवढेच सुचवत. त्यामुळे गाजलेल्या कोणत्याही चित्रपटामागे काळ्या यादीतला लेखक असावा अशी शंका येऊ लागली. पुढच्याच वर्षी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या इंग्रजी पटकथेचे ऑस्कर प्येर बूल या फ्रेंच कादंबरीकाराला मिळाले, तेव्हा तर हे सोंग सर्वांनाच दिसले. तिचे खरे लेखक मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन होते. जानेवारी 1959 मध्ये अकादमीने आपला नियम मागे घेतला आणि त्याच महिन्यात रॉबर्ट रिच आपणच असल्याचे ट्रम्बो यांनी जाहीर केले.

काळी यादी कुणी मोडली, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘एक्झोडस’ची पटकथा ट्रम्बो यांची आहे आणि त्यांचे नाव पडद्यावर येईल, हे दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांनी जानेवारी 1960 मध्ये जाहीर केले. ‘स्पार्टाकस’ हा चित्रपट ट्रम्बो त्याआधीपासून ‘सॅम जॅक्सन’ या नावाने लिहीत होते आणि निर्माता-नायक कर्क डग्लस यांनी पुढे या निर्णयाचे श्रेय स्वतःकडे घेतले. ‘स्पार्टाकस’ ऑक्टोबर 1960 मध्ये, तर ‘एक्झोडस’ डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. दोघांनीही धोका पत्करला हे खरेच आहे. तरीही त्याच वसंतात फ्रँक सिनात्रा यांनी दहांपैकी आल्बर्ट माल्ट्झ यांना उघडपणे पटकथेचे काम दिले आणि काही आठवड्यांत दबावाखाली काढून घेतले, हे विसरता येत नाही. माझ्या मते भिंत आतून पोखरली गेली होती ती दहा वर्षांच्या बेनामी लेखनाने. डग्लस आणि प्रेमिंजर यांनी तिला शेवटचा धक्का दिला. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने निदर्शने केली, पण 1961 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष केनेडी स्वतः चित्रपटगृहात जाऊन ‘स्पार्टाकस’ पाहून आले.

मार्च 1970 मध्ये पटकथाकारांच्या संघटनेने लॉरेल पुरस्कार दिला, तेव्हा ट्रम्बो यांनी जे भाषण केले त्याने जुने सहकारी दुखावले. त्या काळोख्या काळात खलनायक, नायक, संत किंवा सैतान शोधू नका, तेव्हा सगळेच बळी होते, असा त्यांचा सूर होता. माल्ट्झ यांनी त्याला कडाडून विरोध केला. समितीला सहकाऱ्यांची नावे सांगणारे आणि उत्तर द्यायला नकार देऊन तुरुंगात गेलेले, यांना एकाच मापाने कसे मोजता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. दोघांमधला पत्रव्यवहार लांबला आणि कटू झाला. ट्रम्बो यांच्या औदार्याबद्दल मला आदर आहे, पण या वादात मला माल्ट्झ यांचे म्हणणे अधिक न्याय्य वाटते.

‘जॉनी गॉट हिज गन’ची पटकथा लिहून ती 1971 मध्ये ट्रम्बो यांनी स्वतःच दिग्दर्शित केली. व्हिएतनाम युद्ध चालू असताना आलेल्या या चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. ‘पॅपिलॉन’च्या लेखनाच्या सुमारास फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. मे 1975 मध्ये अकादमीचे अध्यक्ष वॉल्टर मिरिश यांनी ‘द ब्रेव्ह वन’ची बाहुली त्यांच्या हाती दिली आणि 10 सप्टेंबर 1976 रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. एका नाझीच्या तोंडून सांगितलेली त्यांची शेवटची कादंबरी अपुरीच राहिली. ती 1979 मध्ये प्रसिद्ध झाली.

नाव वगळण्याची मुभा देणारे 1952 चे कलम 1977 पर्यंत करारात राहिले. ‘रोमन हॉलिडे’ची दुरुस्ती तर त्यानंतरही अनेक वर्षे रेंगाळली. डिसेंबर 2011 मध्ये पटकथाकारांच्या संघटनेने त्या चित्रपटाच्या श्रेयात कथा आणि पटकथा अशा दोन्ही ठिकाणी ट्रम्बो यांचे नाव घातले. ही मागणी संघटनेकडे नेली होती ती दोन मुलांनी: ट्रम्बो यांचा मुलगा ख्रिस्तोफर, जो निर्णय जाहीर होण्याआधीच वारला, आणि ज्यांचे नाव इतकी वर्षे त्या कथेवर होते त्या इयान हंटर यांचा मुलगा टिम.