श्रमदान

श्रमदान : गावाच्या किंवा वस्तीच्या सामाईक कामासाठी मोबदला न घेता, स्वखुशीने केलेली अंगमेहनत. रस्ता बांधणे, विहिरीतला गाळ उपसणे, माळावर चर खणणे ही त्याची नेहमीची कामे.

एकमेकांना हात देण्याची रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांना जुनीच आहे. सावडीत शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात. इर्जिकीत एकाच्या शेतावर गावाची औते जुंपली जातात आणि जेवण त्या घरचे असते. श्रमदानात मात्र अशी फेड नसते, आणि काम कोणा एकाचे नसते. वेठीहून तर ते अगदीच वेगळे. वेठबिगारीला राज्यघटनेच्या कलम २३ ने मनाई केली आहे. म्हणून ‘घरटी एक माणूस, नाहीतर दंड’ असा फतवा निघाला, की त्या कामाला श्रमदान म्हणू नये.

या कल्पनेला महाराष्ट्रात सर्वांत ठसठशीत रूप दिले ते संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६). गावात आल्यावर हाती खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि रात्री तिथेच कीर्तन करायचे, हा त्यांचा शिरस्ता. सांगणारा स्वतः झाडताना दिसला म्हणूनच लोक झाडू लागले, हे त्या कीर्तनांचे खरे बळ होते. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. महाविद्यालयांत हे काम १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत चालते. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराने अनेक शहरी मुलांच्या हाती पहिल्यांदा कुदळ दिली.

दुष्काळी भागात श्रमदान म्हणजे मुख्यतः पाणलोटाचे काम. ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीने) उतारावरची समपातळी शोधायची, फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) रेघ मारायची आणि त्या रेघेवर सलग समतल चर खणायचे. माथ्यावरून धावणारे पाणी चरात थांबते, मुरते आणि खालच्या विहिरींना लागते. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे लागते. वरचे पाणी न अडवता आधी ओढ्यावर बांध घातला तर तो गाळाने भरतो. पाणी फाउंडेशन या संस्थेने २०१६ ते २०१९ या काळात गावांमध्ये अशा कामांची स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते आणि पहिला क्रमांक सातारा जिल्ह्यातील वेळू गावाला मिळाला. ऐन उन्हाळ्यातले हे काम असल्याने लोक पहाटे आणि संध्याकाळी माळावर जात. यंत्रेही वापरली गेली, पण घमेल्यांच्या साखळीत शेजारी उभे राहिलेले भाऊबंद कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलले, हे काम यंत्राला जमणारे नव्हते.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. चर सगळ्यांनी खणले तरी वाढलेले पाणी ज्याची विहीर त्याच्याच शेतात जाते. भूमिहीन मजुराने मजुरी बुडवून दिलेल्या घामाचे त्याला काय मिळाले, हे गावाने आधी ठरवायला हवे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने श्रमदानाला नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीची जोड दिली, आणि साठलेल्या पाण्यालाही शिस्त लावली. तिथे शेतीसाठी विंधनविहिरीला (बोअरवेलला) बंदी आहे आणि उसासारख्या पिकांवर निर्बंध आहेत. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो : पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात, मग उरलेल्यावर रब्बीची पिके ठरतात.