हृदयविफलतेच्या दाखल रुग्णांवरील औषधचाचणी

धाप लागून, पायांना सूज येऊन दाखल झालेल्या हृदयविफलतेच्या रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत नवे औषध, तर काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देऊन दोहोंतील फरक मोजणे, म्हणजे ही चाचणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू दिले जात नाही.

मुख्य अडचण अशी, की शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे नेहमीचे औषध) दिले की बहुतेकांना लघवी होऊन आपोआपच बरे वाटू लागते. त्यामुळे उशिरा दिलेल्या औषधाला दाखवण्यासारखे काही उरत नाही. सेरेलॅक्सिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाच्या चाचणीत म्हणूनच रुग्ण आल्यापासून १६ तासांच्या आत नाव नोंदवून ४८ तास औषध चालवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत (१,१६१ रुग्ण) १८० दिवसांतील मृत्यू कमी दिसले. मात्र मृत्यू हा तिचा मुख्य निकष नव्हता. साडेसहा हजारांवर रुग्णांच्या पुढील चाचणीत (२०१९) हा लाभ टिकला नाही. याउलट एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरील औषधाची गोळी प्रकृती स्थिरावल्यावर सुरू करून ९० दिवसांचा परिणाम पाहिला गेला आणि तो चांगला आला.

पुण्यातल्या रुग्णालयातही अशा चाचणीला २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम लागू होतात: केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी, नैतिकता समितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंद. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे इथे बहुधा मराठीत हवे. रुग्ण निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवतात. धाप लागलेल्या, ऑक्सिजनवरच्या माणसाकडून घाईत घेतलेला अंगठा ही संमती नव्हे; धाप जरा कमी होऊ द्यावी, नातेवाइकांनाही प्रश्न विचारू द्यावेत.

निवडीसाठी रक्तातील एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) पाहतात. मूत्रपिंडविकारात व अनियमित ठोक्यांत (एट्रियल फिब्रिलेशन) ते वाढते, स्थूलांत कमी दिसते. सॅक्युबिट्रिल (हृदयविफलतेचेच एक औषध) घेणाऱ्याचे नुसते बीएनपी (त्याच जातीचा दुसरा घटक) मोजू नये, कारण ते औषधानेच वाढते. वजन रोज सकाळी, लघवी करून, चहा-नाश्त्याआधी, एकाच काट्यावर घ्यावे. वॉर्डातला काटा बदलला, की एक-दीड किलोचा 'फरक' औषधाच्या नावावर जमा होतो. रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियमवर सतत लक्ष लागते. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाने दाब घसरला, तर ठरलेल्या मर्यादेला मात्रा कमी करतात किंवा थांबवतात. गंभीर दुष्परिणाम संशोधकाने २४ तासांत कळवायचा असतो.

घरी गेल्यावर खरी गळती सुरू होते. जुन्नर किंवा इंदापूरहून तपासणीला यायचे तर रुग्णाचा अख्खा दिवस, शिवाय सोबतच्या माणसाची मजुरी जाते. प्रवासखर्च आधीच मंजूर करून घ्यावा, दोन फोन नंबर लिहून ठेवावेत. न आलेला रुग्ण जिवंत आहे की नाही हेच कळले नाही, तर निकालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा डळमळतो.