टीम-टीम फिरणारा बॅकअप सेंटर

बास्केटबॉलमधे बॅकअप सेंटर म्हणजे बेंचवरून येणारा उंच खेळाडू. मेन सेंटर दम खायला बसला किंवा त्याचे फाऊल वाढले की याने उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं रिंगखालची जागा सांभाळायची आणि परत येऊन टॉवेल घेऊन बसायचं. प्रोफेशनल लीगमधे, खासकरून अमेरिकेतल्या एनबीएमधे, यातले बरेचजण एका टीममधे फार काळ राहत नाहीत, वर्ष-दोन वर्षांत शहर बदलतं, कधी एकाच सीझनमधे तीन-चार टीम होतात, मधलं एखादं वर्ष स्पेन, तुर्की नाहीतर चीनमधे जातं आणि असं करत करत दहा-बारा-पंधरा वर्षांचं करिअर उभं राहतं. नागपुरात हिवाळ्यात सकाळी साडेपाचला रजईतच मोबाईलवर मॅच लावणारी भरपूर पोट्टी आहेत, स्टार लोकांचे पॉइंट त्यांना तोंडपाठ असतात, पण दुसऱ्या क्वार्टरला हा माणूस मैदानात आला की पहिला प्रश्न हाच येतो, हा कोण बे? त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून ही नोंद.

काम

एनबीएची मॅच ४८ मिनिटांची असते, १२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर. चांगला सेंटर त्यातली ३०-३४ मिनिटं खेळतो, म्हणजे उरलेली १४ ते १८ मिनिटं दुसऱ्या कोणाला तरी काढावी लागतात. साधारण पहिल्या क्वार्टरचा शेवट, दुसऱ्याची सुरुवात, मग तसंच पुन्हा तिसऱ्या-चौथ्याच्या सांध्यावर. या मिनिटांत टीमने लीड गमावली नाही तर बॅकअप सेंटरने काम केलं असं समजतात, पॉइंट किती केले हे कोणी फारसं विचारत नाही.

त्याचं पहिलं काम स्क्रीन लावणं. बॉल घेऊन येणाऱ्या गार्डच्या मागे लागलेल्या डिफेंडरच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, अंगावर धक्का घ्यायचा, हलायचं नाही, हललं की ऑफेन्सिव्ह फाऊल. स्क्रीन झाली की रिंगकडे वळून पळायचं, पास मिळाला तर डंक (बॉल हातानेच रिंगमधे कोंबायचा) आणि नाही मिळाला तरी पळायचंच, कारण त्याच्या पळण्यामुळे दोन डिफेंडर आत ओढले जातात आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो. तो बास्केट लिहिला जातो शूटरच्या नावावर. आता एनबीए स्क्रीन असिस्टसुद्धा मोजते, पण टीव्हीवर ते क्वचितच दाखवतात.

डिफेन्समधे तर त्याच्याकडे अजून मोठी जबाबदारी असते आणि माझ्या मते याच गोष्टीसाठी त्याला पगार मिळतो. सेंटर सगळ्यात मागे उभा असतो, सगळं कोर्ट त्याच्या डोळ्यासमोर असतं, पुढच्या गार्डला मात्र पाठीमागून येणारी स्क्रीन दिसत नाही. म्हणून सेंटरने ओरडून सांगायचं असतं की स्क्रीन डावीकडून येतेय की उजवीकडून, आपण मागे थांबणार की पुढे येऊन अडवणार की माणूस बदलून घेणार. प्रत्येक टीमची यासाठीची हाक वेगळी, नियम वेगळे. फेब्रुवारीत नव्या टीममधे आलेल्या माणसाला हे सगळं दोन-तीन दिवसांत पाठ करून २० हजार लोकांच्या गोंगाटात अचूक ओरडावं लागतं, एक हाक चुकली की समोरच्याला सरळ लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा बास्केट, मिळतो. दहा टीम फिरलेल्या सेंटरने जवळपास प्रत्येक पद्धत आधी कुठेतरी खेळलेली असते, त्यामुळे तो लवकर रुळतो, आणि कोच लोकांना २१ वर्षांच्या जास्त उडी मारणाऱ्या पोरापेक्षा ३४ वर्षांचा हा माणूस बरा वाटतो तो यामुळेच.

फाऊलचा हिशोबही आहे. एनबीएमधे एका खेळाडूला सहा फाऊल, आंतरराष्ट्रीय नियमात पाच. शकील ओनील उर्फ शॅक हा धिप्पाड सेंटर लेकर्समधे होता त्या काळात वेस्टर्न कॉन्फरन्समधल्या (लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागातल्या) टीम दोन-तीन जाडजूड सेंटर बाळगायच्या, प्रत्येकाचे सहा-सहा फाऊल शॅकवर खर्च करायचे, त्याला फ्री थ्रो लाइनवर पाठवायचं कारण तिथे तो कच्चा होता. बॉक्स स्कोअरमधे (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) आठ मिनिटं, पाच फाऊल, शून्य पॉइंट असं दिसलं तर तो माणूस वाईट खेळला असं नसायचं, त्याला तेच सांगून पाठवलेलं असायचं.

करार आणि पैसा

टीममधे १५ नियमित करार असतात, शिवाय २०१७-१८ पासून टू-वे करार आले, आधी दोन आणि २०२३-२४ पासून तीन, त्यातला खेळाडू एनबीए आणि तिची छोटी बहीण जी लीग अशा दोन्हीकडे ये-जा करतो. बॅकअप सेंटर बहुतेक वेळा या यादीच्या शेवटच्या टोकाला असतो, तिसरा सेंटर असेल तर नक्कीच.

सगळ्यात अस्थिर प्रकार म्हणजे दहा दिवसांचा करार. तो ५ जानेवारीपासून करता येतो, मुदत दहा दिवस किंवा तीन मॅच, यातलं जे जास्त असेल ते. एका टीमला एका सीझनमधे एका खेळाडूसोबत असे दोनच करार करता येतात, त्यानंतर एकतर उरलेल्या सीझनसाठी ठेवा नाहीतर सोडा. म्हणजे माणूस हॉटेलात राहतो, घर भाड्याने घ्यायचं की नाही हे त्याला २० दिवस कळत नाही आणि त्यातच रोज सकाळी नव्या लोकांसमोर स्वतःला सिद्ध करायचं असतं.

अनुभवी लोकांना टीम का घेतात याचं एक रोकडं कारण नियमातच आहे. किमान पगार अनुभवाप्रमाणे वाढतो, २०२४-२५ मधे दहा किंवा जास्त वर्षं झालेल्याला सुमारे ३३ लाख डॉलर. आता टीम म्हणेल की म्हाताऱ्याला इतके देण्यापेक्षा स्वस्तातला पोरगा घेऊ, तर तसं होऊ नये म्हणून एक वर्षाच्या किमान पगाराच्या करारात टीमच्या खात्यावर फक्त दोन वर्षं अनुभवाचा आकडा धरतात, त्या सीझनला सुमारे २१ लाख, वरचा फरक लीग भरते. हा नियम नसता तर यातल्या अर्ध्या लोकांचं करिअर पाच वर्षं आधीच संपलं असतं असं मला वाटतं. पेन्शनचा हक्क तीन वर्षांच्या सर्व्हिसने मिळतो, म्हणून तिसरं वर्ष पूर्ण करणं ही या खेळाडूंसाठी फार मोठी गोष्ट असते.

ट्रेडमधे, म्हणजे टीमनी आपसात खेळाडू अदलाबदल करताना, दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो, त्यामुळे कधीकधी सेंटर खेळासाठी जातच नाही, त्याचा संपत आलेला करार जातो. २००७ मधे केव्हिन गार्नेट बॉस्टनला गेला त्या मोठ्या ट्रेडमधे थिओ रॅटलिफ उलट दिशेने मिनेसोटाला गेला, तेव्हा रॅटलिफ दुखापतीमुळे जेमतेम खेळत होता पण त्याच्या पगाराशिवाय गणित जुळत नव्हतं. ट्रेडची मुदत फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड. रात्री जागून फोन रिफ्रेश करणाऱ्यांना स्टारची बातमी मिळते, त्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत एका बॅकअप सेंटरच्या मुलांची शाळा सीझनच्या मधे बदललेली असते.

काही करिअर

टोनी मॅसेनबर्ग हे या प्रकारातलं सगळ्यात पूर्ण उदाहरण. १९९० च्या ड्राफ्टमधे (टीम दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) सॅन अँटोनियोच्या स्पर्सने ४३ व्या नंबरवर घेतला, १९९१-९२ या एका सीझनमधे तो चार टीमकडून खेळला, मग एनबीएत जागाच उरली नाही म्हणून युरोपात गेला, १९९४ मधे परत आला आणि पुढची दहा वर्षं राहिला. पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर दोन्ही खेळायचा. एकूण १२ टीम, हा तेव्हाचा बरोबरीचा विक्रम, तो पुढे इश स्मिथ या गार्डने १३ टीम करून मोडला. मॅसेनबर्गचा शेवटचा सीझन २००४-०५, पुन्हा स्पर्समधेच, आणि त्या वर्षी स्पर्स चॅम्पियन झाले. ज्या टीमने ड्राफ्ट करून सोडलं तिच्याचकडून ड्राफ्टनंतर पंधरा वर्षांनी अंगठी, मला ही गोष्ट फार आवडते.

त्याच टीममधे नाझर मोहम्मद होता. १९९८ मधे पहिल्या राउंडचा शेवटचा, २९ वा पिक. त्याचं करिअर जवळपास पूर्ण ट्रेडनेच चाललं, तेही बहुतेक सीझनच्या मधे. फेब्रुवारी २००१ मधे फिलाडेल्फियाला शॅकला तोंड द्यायला डिकेम्बे मुटोम्बो हा सेंटर हवा होता, त्या ट्रेडमधे नाझर अटलांटाला गेला, तिथून २००४ मधे न्यूयॉर्क, २००५ मधे सॅन अँटोनियो. स्पर्सला आल्यावर चार महिन्यांत तो फायनलमधे सुरुवातीपासून खेळत होता. पुढे डेट्रॉइट, शार्लट, ओक्लाहोमा, शिकागो, आणि १८ सीझनचं करिअर. ऑलस्टार मॅचसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक स्टारांच्या मॅचसाठी, मात्र कधीच निवड नाही.

जेसन कॉलिन्सची करिअरची सरासरी मॅचला चार पॉइंटसुद्धा नाही, तरी तो १३ सीझन खेळला, कारण ड्वाइट हॉवर्डसारख्या ताकदवान सेंटरला एकट्याने अडवू शकणारे फार थोडे होते. २०११ च्या प्लेऑफमधे त्याच्या अटलांटाने हॉवर्डच्या ऑरलँडोला हरवलं त्यात त्याचं हेच काम होतं. २०१३ मधे त्याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१४ मधे ब्रुकलिन नेट्सने त्याला घेतलं, दहा दिवसांच्या करारावर. अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगमधे उघडपणे समलिंगी असलेला पहिला खेळाडू मैदानात उतरला तो असा, बॅकअप सेंटर म्हणून.

ग्रेग मन्रो वेगळ्या वाटेने इथे पोचला. २०१० चा सातवा पिक, २०१५ मधे ५ कोटी डॉलरचा करार, मग खेळ बदलला, त्याच्यासारखा हळू पायाचा सेंटर कोणाला नको झाला, जर्मनी, रशिया, जी लीग. डिसेंबर २०२१ मधे कोविडमुळे टीम रिकाम्या पडल्या तेव्हा मिनेसोटाने बोलावलं, सही केली त्याच रात्री बॉस्टनविरुद्ध उतरून ११ पॉइंट, ९ रिबाउंड, ६ असिस्ट, आणि टीम जिंकली. अडीच वर्षं एनबीएबाहेर असलेला माणूस इतका तयार राहू शकतो हे ज्याने ती मॅच पाहिली त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

खेळ बदलला तेव्हा

२०१२ मधे ऑलस्टारच्या मतपत्रिकेतून सेंटर हा वेगळा रकाना काढून टाकला. २०१५ च्या फायनलमधे गोल्डन स्टेटने चौथ्या मॅचला सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून त्याच्यापेक्षा बुटक्या, चपळ इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवलं, सिरीज फिरली, आणि सगळी लीग छोट्या, चपळ टीम बांधायला लागली. या काळात बरेच सेंटर बेरोजगार झाले. टिकले ते थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारायला शिकले. ऑस्ट्रेलियाचा एरन बेन्स अनेक वर्षं फक्त स्क्रीन आणि रिबाउंडवाला, तिशी उलटल्यावर त्याने मार्च २०२० मधे फिनिक्सकडून पोर्टलँडविरुद्ध नऊ थ्री मारून ३७ पॉइंट केले. दीड वर्षाने टोकियो ऑलिम्पिकमधे पडून त्याच्या मणक्याला मार बसला, चालता येईना, त्यातून बरा होऊन तो ऑस्ट्रेलियाच्या लीगमधे परत खेळला.

पुढे निकोला योकिच आणि जोएल एम्बीड आले आणि मोठ्या माणसांची किंमत पुन्हा वाढली. योकिच बसला की डेन्व्हरचा खेळ ढासळतो हे तर आता सगळ्यांनाच माहीत आहे, टीमने त्या दहा-बारा मिनिटांसाठी वर्षानुवर्षं वेगवेगळे सेंटर करून पाहिले.

आपल्याकडून पाहताना

भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला पहिला खेळाडू सिम भुल्लर, टोरांटोचा, सात फूट पाच इंच, सेंटर. एप्रिल २०१५ मधे सॅक्रामेंटोने त्याला घेतलं तेही दहा दिवसांच्या करारावर, तीन मॅच खेळला, पुढे तैवानमधे वगैरे खेळत राहिला. त्याच वर्षी पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या नंबरवर ड्राफ्ट केलं, तोही सेंटर, पण त्याला एनबीएची एकही मॅच मिळाली नाही.

नागपुरात शिवाजीनगर, धरमपेठ, बजाजनगर या भागांत बास्केटबॉल जुनं आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो तेव्हाही सूर्य कलला की कोर्टवर पोट्टे येतात आणि त्याच तापलेल्या सिमेंटवर उड्या मारून उंच पोरांचे गुडघे पंचविशीतच बोलायला लागतात. आठवीत एखादा सहा फूट झाला की सर त्याला रिंगखाली उभा करतात, ड्रिबलिंग शिकवायचं राहूनच जातं. पुढचं स्वप्न असतं स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, रेल्वे, पोलीस, इन्कम टॅक्स. नागपुरात तर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन झोनची डिव्हिजन ऑफिसं आहेत, त्यामुळे रेल्वेची नोकरी हा शब्द इथल्या घरात फार वजनाचा. एकदा लागला की तो खेळाडू रिटायर होईपर्यंत त्याच खात्याचा, खेळ थांबला तरी टेबल मिळतं, प्रमोशन मिळतं, आईबापाची काळजी मिटते. चांगली व्यवस्था आहे, तिने कितीतरी घरं वर काढली.

पण त्याच सवयीने आपण एनबीएच्या बॅकअप सेंटरकडे पाहतो आणि म्हणतो, कुठे टिकला नाही, बारा ठिकाणहून काढला. हे मला पटत नाही. लीगमधे ३० टीम आहेत, प्रत्येकीत जागा मोजक्या, जगभरातून दरवर्षी नवे पोरं दारात उभे असतात, अशा ठिकाणी बारा वेगवेगळ्या टीमनी फोन करून बोलावलं म्हणजे बारा वेळा कोणीतरी सगळी यादी पाहून याचंच नाव काढलं. काम येत नसेल तर दुसरा फोन येत नाही, बाराव्याची तर गोष्टच सोडा.

खेळ थांबल्यावर

यातले बरेचजण कोचिंगमधे जातात. मार्क ब्रायंट १५ सीझन दहा टीमकडून खेळला आणि मग अनेक वर्षं असिस्टंट कोच म्हणून मोठ्या खेळाडूंना शिकवत राहिला. जेसनचा जुळा भाऊ जॅरन कॉलिन्स, तोही बॅकअप सेंटर, २०१४ पासून गोल्डन स्टेटच्या कोचिंग स्टाफमधे होता, म्हणजे छोट्या टीमने लीग बदलली तेव्हा त्या बेंचवर एक जुना सेंटर बसलेला होता. नाझर मोहम्मद ओक्लाहोमाच्या जी लीग टीमचा जनरल मॅनेजर झाला, दहा दिवसांच्या कराराची वाट पाहणाऱ्या पोरांची निवड करायचं काम त्याच्याकडे आलं.