जिवंतपणी दिलेला डीएनए कोणाच्या ताब्यात?

कुजलेल्या अनोळखी मृतदेहातूनही मांडीच्या हाडातून किंवा दाढेतून डीएनए बहुधा काढता येतो. पण तो जुळवायचा कोणाशी? आई किंवा मूल असेल तर नातं बऱ्यापैकी पक्कं ठरतं. एकटा भाऊच असेल तर निष्कर्ष डळमळतो. देहविक्रय करणाऱ्या, घर तुटलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायलाही अनेकदा कोणी नसतं. म्हणूनच अमेरिकेत डॅलसमध्ये अशा स्त्रियांचे नमुने त्या हयात असतानाच, संमतीने घेऊन ठेवण्याचा उपक्रम झाला.

नमुना घेणं सोपं आहे. चूळ भरून झाल्यावर गालाच्या आत स्वॅब (टोकाला कापूस लावलेली काडी) अर्धा मिनिट फिरवायचा, पूर्ण वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात.

अवघड आहे ती संमती. नुकत्याच पकडलेल्या बाईपुढे पोलिसानेच कागद धरला, तर ‘ऐच्छिक’ या शब्दाला काय अर्थ उरतो? नकार दिला तर गुन्हा दाखल होईल, ही भीती तिच्या मनात असतेच. म्हणून नमुना पोलिसाने घेऊच नये आणि सुटका, निवारा, उपचार यांचा निर्णय आधीच झालेला असावा.

भीती निराधार नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका स्त्रीने लैंगिक अत्याचाराच्या तपासासाठी दिलेला डीएनए काही वर्षांनी तिलाच मालमत्तेच्या गुन्ह्यात अटक करायला वापरला गेला. हे 2022 मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा वापराला कायद्याने बंदी घातली.

मग पाकीट सीलबंदच ठेवावं का? तसं केलं तर ते उघडायला कोणीतरी तक्रार द्यावी लागेल आणि इथे नेमकं तेच होत नाही. त्यामुळे प्रोफाइल, म्हणजे नमुन्यावरून काढलेली ओळखीची नोंद, आधीच तयार हवं, पण ते गुन्हेगारांच्या यादीपासून वेगळं आणि फक्त अनोळखी मृतदेहांशीच ताडून पाहिलं जाणारं. ही भिंत कायद्यात नसेल, तर नमुना घेऊच नये.

स्वॅबचा प्रश्न आणखी नाजूक आहे. प्रोफाइलमध्ये मोजके मार्कर, म्हणजे ओळख पटवण्यासाठी तपासलेल्या डीएनएवरच्या ठरावीक जागा असतात, स्वॅबमध्ये मात्र संपूर्ण जनुकीय माहिती. तो नष्ट करणं सुरक्षित. पण अमेरिकेत 2017 मध्ये मुख्य मार्कर 13 वरून 20 झाले, तशी पद्धत बदलली की जुनं प्रोफाइल अपुरं पडू शकतं. तरीही आमच्या मते तो नष्टच करावा.

संमतीच्या अर्जात एक रकाना हमखास राहून जातो: मृत्यूनंतर कोणाला कळवायचं आणि कोणाला अजिबात नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईची मुलं कुठे आहेत, हे त्याला त्या एका फोनवरून कळू शकतं.