सुईच्या टोकावर अडणारं पेट्रोल

जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमधून, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, पेट्रोल गळू लागलं की पहिला हात जातो बाहेरच्या स्क्रूंकडे. एअर स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर, मग आयडलिंग कमी-जास्त. गळती मात्र जिथल्या तिथे. या स्क्रूंचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. पेट्रोल किती भरायचं हे ठरतं खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये.

विल्हेल्म मायबाखच्या 1893 च्या कार्बोरेटरपासून कल्पना तीच आहे. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने वाटीत उतरतं, आतून पोकळ असलेला फ्लोट तरंगत वर येतो आणि सुईच्या आकाराची झडप पितळी सीटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकात, दाबतो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट-बॉल हेच काम करतो. खरी गंमत आहे ती या दाबण्यातल्या बळाच्या हिशोबात.

समजा, टाकीतलं पेट्रोल सुईच्या 30 सेंटिमीटर वर आहे. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे पाऊणपट, त्यामुळे सीटपाशी दाब येतो साधारण 2200 पास्कल. सीटचं भोक 2 मिलिमीटर व्यासाचं असेल तर सुईवर खालच्या दिशेने बळ पडतं जेमतेम 0.7 ग्रॅम वजनाइतकं. आता फ्लोट बघा. त्याचं वजन 6 ग्रॅम आणि त्याचा 10 घन सेंटिमीटर भाग बुडालेला आहे असं धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे वर ढकलणारं बळ 7.4 ग्रॅम, वजन वजा जाता हाती उरले 1.4. फ्लोटची दांडी तरफेसारखी चालते. तिने चौपट केले तर सुईवर साडेपाच ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा बळावर अख्खी टाकी अडून राहते!

आता पितळी फ्लोटला केसाएवढी भेग गेली आणि आत 2 घन सेंटिमीटर पेट्रोल शिरलं, तर वजन जवळपास दीड ग्रॅमने वाढलं. 1.4 चा शिल्लक हिशोब तिथेच संपला. फ्लोटला आणखी बुडावं लागतं, म्हणजेच पातळी आणखी चढावी लागते आणि तेवढ्यात पेट्रोल ओव्हरफ्लो पाइपचं, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड गाठतं. सीटचं भोक दुप्पट व्यासाचं केलं तर सुईवरचं बळ चौपट होतं. मोठी सीट बसवल्यावर गळती लागते ती यामुळे.

म्हणून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून, आसपास ठिणगी नाही ना हे बघून वाटी उघडा आणि फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर दोष सापडला. नाहीतर तो गरम पाण्यात पूर्ण बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि भेगेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. सोल्डरिंग करण्याआधी आतलं पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण काढलीच पाहिजे, नाहीतर फ्लोट हातात फुटू शकतो. सोल्डरही कमीत कमी लावा. जाड थर दिला की पुन्हा तोच एक-दीड ग्रॅम वाढतो.

सुईचं टोक भिंगाखाली पाहा. शंकूवर बारीक गोल खाच दिसली तर सुई आणि सीट दोन्ही बदला. ‘कार्बोरेटर आपोआप दुरुस्त’ करणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नका. साठलेला चिकटा त्यांनी सुटेल, पण झिजलेला धातू कोणतंही द्रव परत आणू शकत नाही. इथेनॉलमुळे पेट्रोल ‘पातळ’ होऊन गळतं, हाही गैरसमज. इथेनॉल पेट्रोलहून किंचित जड आहे, त्यात फ्लोट उलट जरासा वरच तरंगतो. त्याचा त्रास होतो तो जुन्या रबरी भागांना.

सगळं बदलूनही थेंब पडत असतील तर वाटीतली उभी पितळी नळी, म्हणजे तोच ओव्हरफ्लो पाइप, तपासा. तिला उभी चीर गेली की पातळी योग्य असूनही पेट्रोल खाली झिरपतं. वाटी सुटी करून नळीच्या तोंडाच्या थोडं खालपर्यंत भरा आणि कागदावर ठेवा. खालून ओल आली की चीर आहेच.

ओव्हरफ्लो पाइपला बूच मारणं हा उपाय नव्हे. मग पेट्रोल इनटेकमधून, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेने, इंजिनात उतरतं आणि फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलमध्ये मिसळून त्याचं वंगण घालवतं. कुणी तसं करून ठेवलं असेल तर डिपस्टिकचा, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचा, वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.