‘पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर, म्हणजे दोन्ही औषधं सारखीच’: खुलासा

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: दोन गटांच्या तुलनेत पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली, की औषधांत फरक नाही हे सिद्ध झालं.

तसं होत नाही. औषधांत मुळात काहीच फरक नसेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, इतकंच पी-व्हॅल्यू सांगते.

समजा, एका गटात २० पैकी १२ रुग्ण बरे झाले, दुसऱ्यात २० पैकी ८. साध्या काय-स्क्वेअर चाचणीत (दोन गटांतली प्रमाणं ताडून पाहणारी चाचणी) पी येते सुमारे ०.२१. आता प्रमाण तेच ठेवून प्रत्येकी २०० रुग्ण घ्या: १२० आणि ८०. पी ०.०००१ च्याही खाली जाते! बदलली ती फक्त रुग्णसंख्या.

म्हणून अहवालात आधी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो याचा पट्टा, शोधा. पहिल्या उदाहरणात तो साधारण उणे १० ते अधिक ५० टक्के-अंक इतका रुंद आहे. त्यात शून्य, म्हणजे काहीच फरक नसणं, आहे, तसा ५० चा घसघशीत फायदाही आहे. अशा आकड्यांवरून औषध बाद ठरवणं रुग्णांवर अन्यायच. ६० विरुद्ध ४० टक्के एवढा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात शंभरेक रुग्ण लागतात.

‘सारखीच’ म्हणायचं असेल, तर किती फरक चालेल हे आधी ठरवावं लागतं आणि संपूर्ण इंटरव्हल त्या मर्यादेत बसावा लागतो.